दहापर्यंत

फाटकावर पाटी आहे:
सकाळी दहापर्यंत कुत्री मोकळी सोडण्यास परवानगी.
खाली कुणीतरी खिळ्यानं कोरलंय: आणि माणसं?

मी नाही कोरलं.
मी फक्त सही केली,
हॅलिफॅक्सच्या नगरपालिकेत गेलेल्या अर्जावर, सतराव्या ओळीत.
लोर्न मॅकइसाक, निवृत्त पोस्टमन.
'कारण' या रकान्यात एकच शब्द लिहिला,
पोटरी.

एकतीस वर्षं टपाल वाटलं.
घरं मला माणसांवरून आठवत नाहीत.
निळ्या दाराचं ते तपकिरी, कधीच न भुंकणारं.
चर्चमागचं म्हातारं, दात नव्हते,
तरी पाटलोण हिरड्यांनी धरून ठेवायचं.
आणि बावीस नंबरचं.
त्याची मालकीण पायरीवरून हसत म्हणाली,
"काही करत नाही हो तो,"
तेव्हा तो करत होता.

म्हणून मी रोज सव्वादहाला येतो.
काल रात्री सगळ्यांची घड्याळं तासभर मागे गेली.
माझं गेलं नाही.

धुकं इतकं की झाडं अर्ध्यातच संपत होती.
बंदरावरचा भोंगा
चुकलेल्या गाईसारखा हंबरत होता.
बाकावर ओडेट कोमो. नाव नंतर कळलं.
मांडीवर रिकामा साज, चामड्याच्या मुठीचा,
नजर माझ्या खांद्याच्या जरा वर.

"काठी आहे," ती म्हणाली, "पण तुम्ही चाचपडत नाही.
म्हणजे दिसतं तुम्हाला."
"आज नाही," मी म्हणालो.
"कुत्रं नाही बरोबर?"
"नाही. दहा वाजून गेलेत ना."
"सव्वानऊ झालेत," ती म्हणाली,
आणि मला उठता आलं नाही.

"दिवसभर टॅन्सी माझे डोळे असते.
रस्ता, पायरी, बसचं दार.
कबुतराकडे बघायचीसुद्धा मुभा नाही तिला.
एवढा अर्धा तास
ती कुणाचेच डोळे नसते."
"आणि तुम्ही?"
"मी बसते. आंधळी."
आणि स्वतःच हसली, मोठ्यानं,
मी हसावं की नाही ते ठरवायच्या आत.

धुक्यात कुठेतरी घुंगरू वाजत होतं.
डावीकडे. मग तळ्याच्या बाजूला.
मग वाजेना.

"तुम्हाला ऐकू येतंय?"
"नाही."
"दिसतंय काही?"
"नाही."
तिची बोटं साजाच्या मुठीवर घट्ट झाली.
एकतीस वर्षं मी कुत्रं दिसू नये म्हणून डोळे ताणले.
आज उलट.

पोटरीला माझ्याआधी कळलं.
पांढऱ्यातून काळं सुटलं, सरळ माझ्याकडे,
मी काठी उचलली, खोटं कशाला बोलू,
उचलली,
आणि तिनं माझ्या बुटावर काहीतरी ठेवलं
आणि ओलं अंग झाडलं.

"काय आणलं?"
"हातमोजा. लाल. लहान मुलाचा, एकच."
"कुणाचा?"
"पत्ता नाही," मी म्हणालो,
जुन्या सवयीनं, जरा नाराजीनंच.

काठी अजून वरच होती.
ओडेटला ते दिसलं नाही.
टॅन्सीला दिसलं होतं.
ती दोन पावलं मागे सरून बसली, थांबली,
काठी जमिनीला टेकेपर्यंत.

दहाला पाच कमी असताना साज चढला.
पाठ ताठ झाली, कान जागेवर आले,
शेपटी शाळेत गेल्यासारखी गप्प.
दोघी गेल्या, धुक्याला दार असल्यासारख्या.
मी हातमोजा कुंपणाच्या टोकावर अडकवला,
आई शोधत येते अशा उंचीवर.

मंगळवारी नगरपालिकेत मतदान आहे.
सही मी मागे घेतलेली नाही.
पोटरी खरी आहे, हिवाळ्यात अजून ठणकते.

स्वयंपाकघरातलं घड्याळ तेवढं
अजून जुन्याच वेळेवर आहे.
स्टुलावर चढायला हवं, सेल काढायला हवा.
बघू.