किलोच्या भावात

शालिमारच्या मागे, मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये
पुस्तकं दीडशे रुपये किलो.
परवाच्या लग्नाच्या अक्षता अजून फरशीवर,
आणि काटा कांदेवाल्याचा, पुसून आणलेला.

काट्यापाशी गायधनी.
एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
कोऱ्या करकरीत नोटा मोजल्या त्यांनी,
एकही आपली नव्हे.
आता अंगठा ओला करून
लोकांच्या नावांची पानं उलटतात.

माझ्या पिशवीत
द्राक्षांवरच्या रोगांचं एक (बाग नाही मला),
बुद्धिबळाचं एक,
तीन कवितासंग्रह, तिन्ही मिळून चारशे ग्रॅम.
"कविता परवडतात," गायधनी म्हणाले,
"शब्दकोश घेणाऱ्याचं दिवाळं निघतं."

तरी घेतलाच.
आत शाईनं कु. प्रमिला वाघचौरे, नववी ब,
आणि कुठल्या कुठल्या शब्दांपुढे पेन्सिलीची बारीक खूण:
उसनवार. ओलावा. कुजबुज. बिनधास्त.
शेवट चाळला, तर 'स'पाशीच कोश संपलेला.
हरवणं नाही, हिशोब नाही,
क्षमा तर नाहीच.

"फाटकाय, कमी करा काहीतरी."
त्यांनी काट्याकडे बोट केलं.
"नसलेल्या पानांचे पैसे
लावलेतच कुठे?"

तीनशे साठ झाले.
नोटा त्यांनी न मोजता खिशात टाकल्या.

सिटीलिंकमध्ये खिडकीशी बसून
प्रमिलाची शेवटची खूण शोधली:
'साय'.
का, कोण जाणे.
दूध गॅसवर ठेवून आलो की काय मी,
कॉलेज रोडपर्यंत तेच आठवत राहिलो.