ठिबक

तक्रार माझी एवढीच आहे, सियालाबाई,
की तुमच्या बागेचं पाणी माझ्या टकलावर पडतं.

बाग म्हणजे काय, तर
आठव्या मजल्यावरची हातभर रुंद बाल्कनी,
तीत मेयोनीजच्या दोन बादल्या, सूर्यफूल तेलाचा डबा,
बंद पडलेल्या वॉशिंग मशीनचं पिंप
(आयती भोकं, म्हणालात, खिळा तापवायला नको)
आणि एक कानतुटकं पातेलं, कोथिंबिरीसाठी.
धणे तुम्ही चपलेखाली रगडता.
मला ऐकू येतं. तुमची जमीन ते माझं छत.

मी सातव्यावर. तीस वर्षं मेट्रो हाकली
तिबिलिसीच्या पोटातून, वारकेतिली ते दिदुबे, दिदुबे ते वारकेतिली.
हिरवं म्हणजे माझ्या लेखी सिग्नल.
मला बागेचं काय सांगता?

लिफ्टचं मात्र सांगतो.
नाणं टाकल्याशिवाय हलत नाही आपली लिफ्ट,
आणि मार्चमध्ये मातीचं पोतं घेऊन
तुम्ही पर्समध्ये सुटे चाचपत उभ्या.
मी टाकलं नाणं. उपकार कसले,
मलाही वरच जायचं होतं.
पोतं माझ्या बुटावर रेलून राहिलं सात मजले.
बोगद्यातल्यासारखाच वास,
फक्त हा श्वास घेत होता.

मे महिन्यात सुरू झालं. टप्. टप्.
सकाळी सात, संध्याकाळी आठ,
माझ्या गाड्याही इतक्या वेळेवर नव्हत्या.
मी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं.
तुम्ही दोरीने टोपली सोडली,
तीत तारखुनाची जुडी, ओली,
आणि चिठ्ठी: हिचं बी रुजत नाही,
मुळीच तोडून द्यावी लागते. हवी का?
जुडी मी खाल्ली, पाव आणि खारट चीजबरोबर.
जिभेवर आधी बडीशेप, मग बधिर, मग गोड.
उत्तर दिलं नाही.

फरशी खराब होते म्हणून
थेंबाखाली मटारचा रिकामा डबा ठेवला.
त्यात कुठूनशी माती आली.
मातीत कुठूनसा पुदिना.
वाऱ्याने आला असेल.
पुदिना वाऱ्याने येत नाही, ठाऊक आहे मला,
तुम्ही विचारू नका.

जुलैच्या उन्हात तुमची कोथिंबीर एका रात्रीत फुलावर गेली.
काय शिव्या घातल्यात तिला, सकाळी सकाळी!
जांभळ्या सब्जाचे शेंडे मात्र खुडत होतात हळूच,
मूल झोपलं असताना नखं कापावीत तसे.
दोन्ही ऐकलं. छत पातळ आहे.

परवा तुम्ही मुलीकडे बातुमीला गेलात.
संध्याकाळचे आठ वाजले आणि काहीच पडलं नाही.
मी खुर्ची सरकवली. रेडिओ लावला, बंद केला.
तिसऱ्या दिवशी पुदिन्याने मान टाकली.
तेव्हा चहाच्या पेल्याने पाणी घातलं, आयुष्यात पहिल्यांदा,
एक पेला, मग आणखी एक,
किती पुरतं हे कुठे कुणी शिकवलं होतं मला.
डबा भरला, वाहिला,
बाल्कनीच्या कडेवरून खाली गेला,

आणि सहाव्यावरून
झाडूचा दांडा वाजला.

येताना टोपली घेऊन या, सियालाबाई.
दोरी आहे माझ्याकडे.