मातृभाषा : एकच पर्याय निवडा

शेवटची तारीख एकतीस, संध्याकाळी साडेपाच.
चार वाजल्यापासून पोर्टल गोल फिरतंय,
वडगावात बॉबिन फिरतात तसं,
फक्त सूत न गुंडाळता.

प्रकल्पाचं नाव भरून झालंय:
पक्षाघातानंतर द्विभाषिक रुग्णांतील एका भाषेचा लोप.
खरं तर लिहायचं होतं
नागोजी मुतगेकर, वय त्रेसष्ट, यंत्रमागावर कामाला.
पण नावं लिहायची नसतात.
तो रुग्ण क्रमांक सात.

सात नंबर मार्चमध्ये न्हाणीत पडला.
दवाखान्यात डोळे उघडले तेव्हा उजवा हात गेला होता
आणि मराठी.
चाळीस वर्षं घरात जिच्यात भांडला,
पोरांना गल्लीच्या टोकापर्यंत हाका मारल्या, ती.
उरली ती मालकाशी बोलायची, पगार मोजून घ्यायची:
ओंदु, एरडु, मूरु.
इंदुमती म्हणाली, "माझ्यासंगं गिऱ्हाइकासारखं बोलूलालेत बघा.
समजतंय की मला सगळं.
खरं, माझ्याशी कधी बोलले नव्हते असं."

मेंदूच्या फोटोत डावीकडे
एक डाग, चिंचोक्याएवढा.
ज्या गावात दुकानाच्या पाटीवरनं दगड पडतात
त्या गावात मी तो डाग उजेडावर धरते
आणि तासभर बघते.
कुठली भाषा कुठं राहत होती, सांगता येत नाही.
एकाच खोलीत राहत असाव्यात,
एकाच चुलीवर.

मुद्दा नऊ: राष्ट्रीय महत्त्व, पाचशे शब्दांत.
गेल्या खेपेला परीक्षकानं दोन ओळींत उरकलं होतं:
'विषय रोचक. नमुना लहान, स्वरूप प्रादेशिक.'
रोचक हा शब्द मी बरेच दिवस
दाढेत अडकल्यासारखा जिभेनं चाचपत होते.

मुद्दा बारा: अंदाजपत्रक.
ध्वनिमुद्रक एक. मानधन, प्रत्येक रुग्णाला दोनशे.
प्रवासखर्च: खानापूर, येळ्ळूर, निपाणी.
रुग्णाला धरून आणणारी बाई
कुठल्याच रकान्यात बसत नाही.
तिला मी 'किरकोळ'मध्ये बसवलंय,
चहा, झेरॉक्स
आणि लिफ्ट बंद असली की खुर्ची वर आणणाऱ्या
सलीमच्या पन्नास रुपयांशेजारी.

चित्रांचा संच योजनेतूनच आलेला:
बर्फाचं घर, पियानो, होकायंत्र.
सात नंबरनं पियानोकडे असं पाहिलं
जसं त्याच्यावर उधारी निघाली असावी.
मग मी घरीच चित्रं काढली. पहिलंच धोट्याचं.
त्यानं बोट टेकवलं, तोंड वाकडं केलं,
म्हणाला, "लाळि."
इंदुमतीनं पदरानं त्याचं तोंड पुसलं.
कोरडं होतं.
कन्नडमध्ये धोट्याला लाळिच म्हणतात,
तिला माहीत आहे, मलाही.
पण दोघींच्या कानांत आधी मराठीच शिरली.
हे राष्ट्रीय महत्त्वाखाली लिहावं का?

रुग्णाची मातृभाषा: एकच पर्याय निवडा.
यादी उघडते, बंद करते.
सात नंबरच्या समोर रकाना अजून रिकामा आहे,
आणि रिकामा रकाना पोर्टल पुढे सोडत नाही.

बुधवारी खुर्चीचं चाक
उंबऱ्याला आपटलं, त्याच्या पायावरनं गेलं.
आणि नागोजीनं शिवी दिली.
अस्सल, लांब, आईपासून सुरू होणारी,
एकही अक्षर न अडखळता, मराठीत.
सलीम ओशाळला. मी पेन शोधू लागले.
इंदुमती मात्र भिंतीला टेकून हसत सुटली,
हसता हसता खाली बसली,
"ऐकलासा न्हवं? ऐकलासा?"

मला ठाऊक आहे याचं कारण.
शिव्या उजवीकडून येतात बहुधा,
त्या डागाला वळसा घालून.
बरं होण्याची ती खूण नव्हे.
प्राथमिक निष्कर्षांत मी लिहिते:
स्वयंचलित उच्चार, एक.

पाच वाजून अठरा मिनिटं.
बाहेर बाकावर ती अजून त्याच्यापुढे उकिडवी बसलीय,
हळू आवाजात, इकडं तिकडं बघत
तीच शिवी त्याला परत परत म्हणून दाखवतेय,
"म्हणा की. म्हणा एकदा."