आगर

कालिन्याच्या लॅबमध्ये रात्रीचे साडेदहा.
काचेच्या चिपवर केसाएवढ्या दोन वाटा,
एकीत हिरवा रंग, एकीत साधं पाणी,
पुढे दोघींची एक.
पंप नाही. प्लॅटिनमच्या तीन तारा फक्त.

नॉब फिरवते, तीनशे व्होल्ट.
काचेलगतचे आयन आधी सरकतात
आणि त्यांच्या मागून, निमूट,
सगळं पाणी.
डावीकडे थोडं चढवायचं, उजवीकडे उतरवायचं.
गडद, मग फिकट, मग नुसती हिरव्याची चाहूल.

बाबा भांडुपच्या मिठागरात हेच करायचे.
भरतीला मोरी उघडायची,
या वाफ्यातून त्या वाफ्यात पाणी,
दर वाफ्याला खार थोडा वाढलेला.
बोट बुडवून जिभेला लावायचे,
"आजून दोन दीस."

मला चाखता येत नाही. कॅमेरा पिक्सेल मोजतो.

दिवाळीत त्यांना फोटो दाखवला होता.
चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले.
"एवढ्याशा पाण्यात पिकतं काय, हर्णाबाय?"
मी म्हटलं, उतार.
"मग बांध नीट घाल," म्हणाले.

अकरा वाजता तारेपाशी बुडबुडा आला,
हिरवं विस्कटलं.
चिप धुते आहे.
बोटाला बफरचा थेंब लागलाय,
आणि नियम माहीत असूनही
हात ओठांपर्यंत जाऊन थांबला.