घर ते शाळा अंतर

पाचवीच्या प्रवेश-अर्जात एक रकाना आहे :
घरापासून शाळेचे अंतर, किलोमीटरमध्ये.

आत्ताची शाळा किलोमीटरमध्ये बसत नाही.
कसबा पेठेतला आमचा जिना उतरून
तांबट आळीच्या तोंडाशी वळलं
की मृण्मयीच्या पायांनी तीनशे चाळीस पावलं.
तिनेच मोजलीत.

गेल्या श्रावणात नो-एन्ट्रीतून एक मोटरसायकल आली
आणि तिच्या दप्तराचा पट्टा घेऊन गेली.
फक्त पट्टा.
हे 'फक्त' मी महिनाभर म्हणत राहिले
पतपेढीत व्हाउचरांवर शिक्के मारताना.
श्रीरंग काहीच म्हणाला नाही.
रात्री मोबाइलवर फ्लॅट बघू लागला,
उजेड माझ्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून
भिंतीकडे तोंड करून.

मग एका रविवारी वाघोली.
गेटवरच्या गार्डने नाव विचारलं, गाडीचा नंबर, मग,
"कशासाठी?"
"पोरीसाठी," श्रीरंग म्हणाला.
त्याने लिहिलं : साइट व्हिजिट.

सँपल फ्लॅटमधल्या फ्रिजला आत दिवा नव्हता.
पाण्याचं विचारलं तर सेल्सची मुलगी म्हणाली
टँकर येतात, पण रोज येतात हं,
जसं कोणी सांगावं की मुलगा फार लाघवी आहे.
शाळा कोपऱ्यावरच. फी तिमाहीत सांगितली,
लहान दिसावी म्हणून.
माहितीपत्रकात एक मुलगा तलावात सूर मारत होता,
अजून पाण्यापर्यंत पोचला नव्हता.

तेवढ्यात खाली कोणाची तरी सायकल मागून
मृण्मयी आतल्या रस्त्यावर फिरत होती.
एक फेरी. दुसरी. तिसरी.
चौथीला एक हात सोडून.
मला माहीतच नव्हतं तिला हे येतं.
पेठेत तिची सायकल मीटरच्या पेटीखाली असते,
पुढच्या चाकात हवा नसलेली.

परतताना नगर रस्त्यावर सव्वा तास.
ती मागे झोपलेली, गुडघ्याला खरचटलेलं, खूश.
"इथून खराडी, माझं ऑफिस, वीस मिनिटं," तो म्हणाला.
मी माझं गणित मांडलं :
वाघोलीहून बस, स्टेशनला उतर, पुढची बस,
संध्याकाळी हेच उलटं, अंधारात.
त्याचं सुटत होतं तिथे माझं अडत होतं.
हातचा एकच. तो मीच.

सोमवारी मी तिच्या मागून गेले, तिला नकळत.
वळणावर वडकेमामा तांब्याच्या घंगाळावर ठोकत बसलेले.
ती आली तशी ठोकणं थांबलं.
मान वर न करता त्यांनी डावा हात रस्त्यात काढला,
दोन स्कूटर कचकन थांबल्या, एकाने शिवी दिली,
ती पलीकडे गेली.
दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही.
पुन्हा ठक् ठक्.

दुपारी कळशीचा कान सुटल्याचं निमित्त काढून गेले.
"तुम्ही रोज..." म्हणाले.
"छे हो, खांदा धरतो माझा. हात मोकळा करतो जरा."
मग कळशी उलटी करून बघत,
"ही लवकर न्या. दिवाळीनंतर मी नाही इथं.
मुलाने उंड्रीला घेतलाय, तिसरा मजला.
ठोकायला परवानगी नाही म्हणे सोसायटीत."

अर्ज शुक्रवारपर्यंत द्यायचाय.
त्या रकान्यात मी सतरा लिहिलं, पेठेपासून.
खोडलं.
पाऊण लिहिलं, जिथे अजून राहत नाही तिथून.
खोडलं.
मृण्मयीचं खोडरबर वासाचं आहे, स्ट्रॉबेरीच्या.
कागद तिथे पातळ झालाय.
दिव्यासमोर धरला की मागच्या पानावरचा मजकूर दिसतो,
तातडीच्या वेळी कोणास कळवावे,
उलट्या अक्षरांत.