माया

बेडोकच्या बाजारात, जिन्याखाली माझं मशीन.
बुधवारी सेल्वनायगी आली
नव्या पँटची घडी छातीशी धरून.
म्हणाली, कंबरेत घ्यायची आहे, आत फार वाळलाय.
उद्या त्याचे फोटो काढणार आहेत,
तुरुंगवाले फोटो छान काढतात म्हणे.
शुक्रवारी पहाटे...
टेबलावरचा दोरा तिनं बोटाला गुंडाळला, सोडला.

कीव करायची नाही, असं मी ठरवलेलं.
माझा पुतण्या इर्वान
असल्याच एका पुडीपायी गेला, बसडेपोच्या संडासात.
बाहेरून दार ठोठावत होतो मी.
त्या रात्री कुणी मागितला असता,
तर फास मीच शिवून दिला असता,
दुहेरी टाक्यात.

माप विचारलं. तिला तोंडपाठ.
मग सवयीनं म्हणाली,
"आत माया ठेवा हं थोडी,
अंगानं भरला तर उसवता येईल."

आणि गप्प झाली.
पंखा फिरत राहिला.

कायदा बरोबर असेलही.
कात्री हातात धरून
मी बराच वेळ इर्वानशी भांडलो.

दोन बोटं माया ठेवली,
फोटोत दिसणार नाही अशी.
पैसे घेतले.
सुटे मोजून परत दिले.