साठ बाय नव्वद

ललिताची अट एकच.
सहाजण मावोत न मावोत,
अप्पांना मागं आडवं होता आलं पाहिजे.
चाळीस वर्षं मागाशी उभी राहिलेली कंबर
आता बसली की ओरडते,
आणि कंबरेचा डॉक्टर हैदराबादला.

म्हणून लांब डिकीची.
आणि म्हणूनच जुनी,
कारण नवीचा आकडा ऐकला तेव्हा
आमचे चारही पॉवरलूम
एकदम लाईट गेल्यासारखे गप्प झाले.

पहिली होटगी रोडला. पांढरीशुभ्र,
आत मोगऱ्याचा स्प्रे, सीटवर अजून प्लास्टिक.
मीटर म्हणाला, एक्केचाळीस हजार.
दस्तगीर मिस्त्री वाकला
आणि क्लचच्या रबरावरनं अंगठा फिरवला.
देवळाच्या उंबऱ्यासारखं गुळगुळीत.
“काय बे,” तो एजंटाला म्हणाला,
“उभ्या उभ्या झिजली का गाडी?”

दुसरी अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या मागं.
खरं सांगतो, मला आवडली होती.
लाल रंग, चारी टायर नवे,
टोकनचे पाच हजार खिशात गरम झाले होते.
दस्तगीरनं सीटबेल्ट ओढला,
ओढतच राहिला,
आणि शेवटच्या वीतभर पट्ट्यावर
कुठल्यातरी पुराची रेघ निघाली.
एजंट म्हणाला, चहाचा डाग आहे.
ललिता म्हणाली, एवढा चहा?

मग तीन आठवडे काहीच नाही.
रविवार आला की अप्पा धोतर बदलून
ओट्यावर बसायचे, आणि आम्ही
त्यांच्याकडं न बघता कामाला लागायचो.

तिसरी जुळे सोलापुरात, मरीना, करड्या रंगाची,
टेलिफोन खात्यातनं रिटायर झालेल्या हत्तुऱ्यांची.
आम्ही काही विचारायच्या आत तेच सुरू झाले:
डावीकडची मागची काच उतरत नाही.
एसी तीनवर ठेवला तरच गार करतो.
हा पोचा माझाच, लिंबाच्या झाडाला धडकलो.
रंग मारला नाही. मारला असता
तर तुम्ही बाकीचं काय लपवलं ते हुडकत बसला असता.

आणि एक शंभर पानी वही.
तारीख, किलोमीटर, डिझेल, दर.
टायमिंग बेल्ट बदलला त्याखाली लाल रेघ.
मधली काही पानं सगळी सारखीच:
सुमन, दवाखाना, चौदा लिटर.
सुमन, दवाखाना, चौदा लिटर.
मग एकदम दोन महिने कोरे.
मी पान उलटलं. हत्तुरे लिंबाकडं बघत होते.

मागची सीट कशी पाडायची विचारलं,
तर त्यांनी न बघता खटका दाबला,
रात्री घरातलं बटण सापडावं तसा.

अप्पांचे कान मागांनी कधीच नेले.
त्यांनी चालू गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवला,
डोळे मिटले. आम्ही सगळे थांबलो,
दस्तगीरसुद्धा.
“बागुंदी,” ते म्हणाले, आणि मग एक बोट वर केलं:
“एक धोटा अडखळतोय.”
दस्तगीर हसला. “इंजेक्टर. एकच खराब आहे, काका.
मी पण तेच म्हणणार होतो.”

ललितानं पिशवीतनं चादर काढली.
आमच्याच मागावरची, साठ बाय नव्वद,
टेपपेक्षा तिचा चादरीवर विश्वास.
दुहेरी करून अंथरली. रुंदीला बरोबर.
लांबीला दीड हात उरली,
ती तिनं उशीसारखी गुंडाळली.

माप घ्यायचं म्हणून अप्पा आत शिरले.
पाय लांब केले.
डिकीचं दार उघडं, वर लिंबाची सावली,
आणि पाच मिनिटांत घोरायला लागले.

हत्तुऱ्यांनी एक पासष्ट सांगितले.
मी एक तीस म्हणालो.
एक बेचाळीसला आलो, वहीसकट.
पुढची पानं कोरी आहेत, ते म्हणाले, वाया का घालवायची.

सगळा भाव आम्ही हळू आवाजात केला,
ज्याला ऐकूच येत नाही
त्याची झोप मोडू नये म्हणून.